जुन्या वाहनाची बॅटरी : बदलण्यापूर्वी तपासणी, बदलल्यानंतर जबाबदारी

जबलपूर : येथील वाहन निर्माणीत १९६९ पासून तयार झालेली ‘जोंगा’ ही लष्करी गाडी लिलावांमधून अनेक खासगी मालकांकडे पोहोचली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. अशी जुनी वाहने हौसेने जपली जातात. मात्र ती रोज चालत नाहीत. त्यामुळे त्यांची बॅटरी वापरामुळे नव्हे, तर बहुधा उभे राहिल्यामुळे निकामी होते.

शिसे-आम्ल प्रकारच्या १२ व्होल्ट बॅटरीत सहा कप्पे असतात. वाहन बंद असतानाही तिचा भार हळूहळू उतरतो. ती दीर्घकाळ अर्धवट भारित राहिली, की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते.

जबलपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. उष्णतेने बॅटरीतील पाणी आटते आणि आतील पट्ट्या लवकर झिजतात. हे नुकसान अनेकदा थंडीत उघड होते. गारठ्यात इंजिनचे तेल घट्ट होते, स्टार्टरला अधिक प्रवाह लागतो आणि बॅटरी मात्र कमी देते.

गाडी सुरू झाली नाही, तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासणी करावी. काही तास बंद असलेल्या वाहनात पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या आसपासचा आकडा ती जवळजवळ रिकामी झाल्याचे सांगतो. अल्टरनेटर असलेल्या वाहनात इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. तो वाढत नसेल, तर दोष अल्टरनेटर, रेग्युलेटर, पट्टा किंवा जोडणीत असू शकतो. अशा स्थितीत नवी बॅटरीही काही दिवसांत उतरते. अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असलेल्या जुन्या गाड्यांत इंजिन मंद गतीवर फिरत ठेवून बॅटरी फारशी भरत नाही; गाडी प्रत्यक्ष चालवावी किंवा चार्जर लावावा.

पाणी घालण्याच्या बॅटरीत दर महिन्याला पातळी पाहावी. पट्ट्या उघड्या पडू देऊ नयेत. केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी किंवा आम्ल घालू नये. टर्मिनलवरील पांढरा-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने स्वच्छ करावा. मात्र ते पाणी कप्प्यांत जाऊ देऊ नये. भारित होताना बॅटरीतून ज्वलनशील हायड्रोजन निघतो. म्हणून जवळ विडी, सिगारेट किंवा ठिणगी नसावी. हातमोजे आणि चष्मा वापरावा.

बॅटरी बदलताना सांगाड्याला जोडलेली तार प्रथम काढावी आणि शेवटी जोडावी. बहुतेक वाहनांत ही ऋण तार असते. परंतु काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. काही लष्करी वाहनांची यंत्रणा २४ व्होल्टची असते. त्यामुळे व्होल्टेज, धन-ऋण टोकांची बाजू, अँपिअर-तास क्षमता आणि बैठकीचे माप पडताळूनच खरेदी करावी. बॅटरीवरील उत्पादनाचा महिना पाहावा. दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही कमकुवत असू शकते.

उतरवलेल्या बॅटरीचे काय होते, हा प्रश्न खरेदीइतकाच महत्त्वाचा आहे. तिच्या वजनाचा मोठा हिस्सा शिशाचा असतो, म्हणूनच भंगारात तिला भाव मिळतो. पण वस्तीत ती फोडून शिसे वितळवल्यास धूर आणि धूळ पसरते, आम्ल गटारात किंवा मातीत जाते. शिशाचा सर्वाधिक धोका लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला असतो आणि त्याची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवण्याची आणि संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या यंत्रणेकडे सोपवण्याची जबाबदारी ग्राहकावरही टाकली आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे परत देऊन तिची किंमत बिलातून वजा करून घेणे, हा त्यासाठीचा सोपा मार्ग आहे.