विडी तीच, मग घसा एकाचाच का?

इंदापूर तालुक्यातील वरकुटे असो की आणखी कुठले गाव, पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत विडी ओढली, त्यांना काय झालं?’ आणि कुठे पन्नाशीतच आवाज बसलेला, घशाच्या कर्करोगाने गाठलेला विडीवालाही असतो. सवय एकच, मग फरक कशामुळे?

उत्तराचा काही भाग जनुकांत आहे. धुरातील बेन्झोपायरिनसारख्या रसायनांना शरीरातील काही एन्झाइम अधिक घातक रूप देतात, तर काही त्यांना निष्प्रभ करून बाहेर काढतात. या दुसऱ्या कामाचे ‘जीएसटीएम१’ हे जनुक काहींमध्ये जन्मतःच नसते. युरोपात जवळजवळ निम्म्या लोकांत, भारतात त्याहून कमी. डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांतही माणसागणिक फरक असतो. फॅन्कोनी अॅनिमिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारात ही दुरुस्तीच बिघडते आणि तोंड-घशाचा कर्करोग तरुण वयातही होतो.

पण म्हणून सगळा दोष रक्ताच्या नात्यावर टाकता येत नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला असा कर्करोग झाला असेल, तर धोका साधारण पावणेदोन पट होतो. विडी-सिगारेटने मात्र तो कित्येक पट वाढतो आणि जोडीला दारू असेल तर दोन्हींचा एकत्रित परिणाम बेरजेपेक्षा मोठा असतो. जनुके बदलता येत नाहीत, विडी सोडता येते. आजोबा वाचले, म्हणजे त्यांची जनुके नातवाकडे जशीच्या तशी आली असे नव्हे. आपण कोणत्या गटात आहोत, हे खात्रीने सांगणारी साधी रक्ततपासणी आज नाही.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथे गावोगाव माहिती दिल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या टप्प्यावर येऊ लागले. घशाबाबतही वेळच महत्त्वाची. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात आणि अनेकदा आवाजही वाचतो.

आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, गिळताना दुखत असेल, मानेत गाठ लागत असेल, तर काढ्यावर दिवस काढू नयेत. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने घसा तपासून घ्यावा. घरात आधी कुणाला हा आजार झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.