शिकायचं विमान, फिरायचं विमान

पांढऱ्या पाटीच्या गाडीनं वडाप करता येत नाही, पिवळी पाटी लागते, हे कबनूर-इचलकरंजी रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक. विमानाचंही तसंच आहे.

बारामतीत विमान चालवायला शिकवतात. शिकणाऱ्या मुलीशेजारी शिक्षक बसतो, चालवायचा दांडा दोघांपुढं असतो आणि उड्डाणाचा वेळ तिच्या वहीत चढतो. अशा शाळेला डीजीसीए या सरकारी खात्याची मान्यता असते, पण ती शिकवण्यापुरती. पैसे घेऊन वरून गाव दाखवायचं तर परवाना वेगळा, वैमानिकाचं लायसन्सही व्यावसायिक हवं. खाजगी लायसन्सवर भाडं घेता येत नाही.

पावतीवर ‘पहिला धडा’ लिहिलं म्हणून फेरीचा धडा होत नाही. दांड्याला हात न लावता खिडकीतून बघत बसलात, तर ती सहलच. खरी गोम विम्याची आहे! विमा एका कामाचा आणि वापर दुसरा, तर अपघातानंतर कंपनी भरपाई नाकारू शकते. म्हणून जत्रेत हेलिकॉप्टरची फेरी असली, तरी तिकिटाआधी प्रवासी वाहतुकीचा परवाना दाखवा म्हणायचं. त्यात लाजायचं काय?

लेकीला खरंच शिकायचं असेल, तर डीजीसीएच्या यादीत शाळेचं नाव बघा. दहावी पास आणि १६ वर्षं पूर्ण झाली, की विद्यार्थी लायसन्ससाठी अर्ज करता येतो.