‘जी’ म्हणजे ग्लुकोज?

आगगाडी विलेपार्ल्याजवळ आली की डब्यात भाजल्या बिस्किटांचा गोड वास शिरे, आणि स्थानकाची पाटी न वाचताही प्रवाशांना पार्ले आल्याचे कळे. मोहनलाल दयाल चौहान यांच्या कुटुंबाने १९२९ मध्ये येथे कारखाना काढला तो गोळ्या-चॉकलेटांचा. बिस्किटांची भट्टी पेटली १९३९ मध्ये. तोवर बिस्कीट म्हणजे विलायती डब्यातला, साहेबाच्या चहासोबतचा महाग जिन्नस. ‘पार्ले ग्लुको’ने तो सामान्यांच्या बशीत आणून ठेवला. पुढे बाजारात ग्लुकोज बिस्किटांची इतकी गर्दी झाली की १९८० च्या दशकात नाव बदलून ‘पार्ले-जी’ करावे लागले. पुड्यावरची मुलगी मात्र तीच राहिली. ती कोण, याच्या कितीएक कथा रंगल्या. वस्तुतः ते चित्रकाराच्या कल्पनेतले बालक आहे. पार्ल्याचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला.

नावातले ‘ग्लुकोज’ लोपले, तरी घरोघरी त्याचा समज उरला आहे. तापातून उठलेल्याला शक्ती यावी म्हणून दुधात बुडवलेले हेच बिस्कीट दिले जाते. त्यात प्रामुख्याने असतो मैदा, साखर आणि पामतेल. शंभर ग्रॅममागे साखर सुमारे २५ ग्रॅम. चहासोबत दोन-तीन खाण्यास हरकत नाही (मधुमेह असल्यास तेही हिशेबात धरावे). परंतु आजी-आजोबा जेवत नाहीत म्हणून दोन्ही वेळा चहा-बिस्किटांवर भागवणे हे पोषण नव्हे. त्यात प्रथिने फारच थोडी.

खरा धोका निराळा आहे. इन्सुलिन अथवा काही गोळ्या घेणाऱ्या वृद्धाला अचानक घाम फुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. रक्तातील साखर उतरल्याची ही लक्षणे. अशा वेळी नावावर विसंबून पुडा फोडू नये. बिस्किटातील पिष्ट व स्निग्धांश यांमुळे साखर रक्तात पोहोचण्यास विलंब लागतो. तीन चहाचे चमचे साखर किंवा तितकीच ग्लुकोजची पूड पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि ती कमीच असेल तर तेच पाणी पुन्हा द्यावे. साखर सावरल्यावर, जेवणास अवकाश असेल, तर बिस्कीट द्यावे. रुग्ण शुद्धीवर नसेल वा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवावे आणि तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.