पोट्ट्याला अकरात कधी घ्यायचं?

मध्य प्रदेशातल्या आपल्या बोरगावात क्रिकेटची टूर्नामेंट जवळ आली की हा वाद ठरलेला. पोट्टा चांगला मारतो. त्याला आत्ताच खेळवायचं, की अजून एक हंगाम बाहेर बसवायचं?

‘गुण असले की थांबायचं नसतं, सचिन सोळाव्या वर्षीच खेळला,’ हा पहिला गैरसमज. १५ नोव्हेंबर १९८९ ला तो कराचीत कसोटीत उतरला, हे खरं. पण १९८७-८८ च्या हंगामात मुंबईने त्याला रणजी संघासोबत ठेवलं आणि एकही सामना दिला नाही. डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध उतरवलं, तेव्हा त्याने नाबाद १०० केल्या. पुढची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. कराचीतल्या पहिल्या डावात १५ धावा, पहिल्या वनडेत शून्य, आणि वनडेतलं पहिलं शतक १९९४ मध्ये, ७९व्या सामन्यात! तोवर निवडणाऱ्यांनी धीर सोडला नाही. त्याच वर्षी त्याला सलामीलाही पाठवून पाहिलं. त्याच्या वयापेक्षा मला हा धीर मोठा वाटतो.

‘विशी आली, आता काय होणार?’ असं म्हणणाऱ्यांनी नागपूरच्या अलीकडचं खापरखेडा आठवावं. वेगवान गोलंदाज उमेश यादव तिथला, वडील कोळसा खाणीत कामाला. विशीपर्यंत तो टेनिस बॉलवरच खेळत होता. २००८ मध्ये विदर्भाने त्याला रणजीत उतरवलं, तेही आपल्या मध्य प्रदेशाविरुद्ध. तीन वर्षांत तो भारताकडून कसोटी खेळला.

मग बाहेर बसवलं की पोरगा तयारच होऊन येतो का? तसंही नाही. अजिंक्य रहाणे २०११ पासून कसोटी संघासोबत फिरत होता. मार्च २०१३ मध्ये दिल्लीत संधी मिळाली, धावा झाल्या ७ आणि १. तरीही डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याला खेळवलं, तेव्हा डर्बनला त्याने नाबाद ५१ आणि ९६ केल्या.

अमेरिकन फुटबॉलमध्ये सगळी चाल ज्याच्या हातून सुरू होते त्या क्वार्टरबॅकबद्दल हाच वाद चालतो. पेटन मॅनिंगला १९९८ मध्ये पहिल्याच सामन्यापासून खेळवलं. त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, संघ १६ पैकी १३ सामने हरला. पुढच्या वर्षी तोच संघ १३ जिंकला. पॅट्रिक माहोम्सला २०१७ मध्ये जवळजवळ पूर्ण हंगाम बसवलं, फक्त शेवटचा सामना दिला; पुढच्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन्ही वाटा चालल्या.

म्हणून कॅप्टनला माझं सांगणं: पोट्ट्याला घ्यायच्या आधीच किती सामने देणार ते ठरवा, निदान तीन तरी, आणि ते त्याला सांगा. कितव्या नंबरवर पाठवणार, तेही सांगा. समोर एखादा जुना, शांत डोक्याचा बॅट्समन असू द्या. पहिल्या बॉलवर दांडी उडाली तरी दुसऱ्या दिवशीच्या यादीत त्याचं नाव तसंच ठेवा.