‘पूरक’ या शब्दाचा अर्थ : स्थूलत्वावरील शस्त्रक्रियेनंतरची जीवनसत्त्वे आणि रक्ततपासणी

शब्द जेव्हा रूढ अर्थासह नव्या क्षेत्रात प्रवेश करतो, तेव्हा तो अर्थ पुष्कळदा तेथील वस्तुस्थितीला झाकून टाकतो. वजन कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास ‘पूरक जीवनसत्त्वे’ घेण्यास सांगितले जाते. मराठीत ‘पूरक वाचन’ म्हणजे न केले तरी परीक्षा अडत नाही असे वाचन. ‘शेतीला पूरक धंदा’ म्हणजे मूळ धंद्याचा जोडीदार. ‘सत्त्व’ म्हटले की गुळवेलीचे वा नाचणीचे सत्त्व आठवते. ते अशक्तपणात काही दिवस घ्यावयाचे व पुढे सोडावयाचे. या दोन्ही अर्थच्छटा एकत्र आल्या म्हणजे ‘ताकदीच्या गोळ्या’ ही समजूत तयार होते, आणि ताकद आली की गोळ्या बंद होतात. प्रस्तुत प्रसंगी ही समजूत घातक आहे.

याचे कारण शस्त्रक्रियेच्या स्वरूपातच आहे. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून त्याची अरुंद नळी केली जाते. दुसऱ्या प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्यास जोडतात. अन्न उरलेल्या जठरास व आतड्याच्या आरंभीच्या भागास वळसा घालून जाते. लोह आणि कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः याच आरंभीच्या भागात होते. ब१२ जीवनसत्त्व अन्नातील प्रथिनांपासून सुटण्यास जठरातील आम्ल लागते, आणि आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाण्यास जठरातच स्रवणारा एक ‘आंतरघटक’ लागतो. तात्पर्य, येथे आहाराइतकीच आहार ग्रहण करणारी यंत्रणाही बदललेली असते, आणि ती पूर्ववत होत नाही.

तथापि उणीव एकाच वेळी प्रकट होत नाही. थायमिनचा, म्हणजे ब१ चा, शरीरातील साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असल्यास काही आठवड्यांतच मनाचा गोंधळ, तोल जाणे, डोळ्यांच्या हालचालींत बिघाड ही लक्षणे उद्भवू शकतात. अशा रुग्णास थायमिन न देता केवळ ग्लुकोजची सलाईन लावल्यास स्थिती अधिक बिघडते, कारण ग्लुकोजच्या ज्वलनासही थायमिनच खर्ची पडते. लोहाची उणीव महिन्यांनी दिसते. ब१२ चा यकृतातील साठा मात्र वर्षानुवर्षे पुरू शकतो. गोळ्या सोडूनही वर्षभर काही झाले नाही, हा अनुभव म्हणूनच खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा असतो.

पांझरेच्या उत्तर तीरावरील देवपूरसारख्या वस्तीत या प्रश्नास आहाराची आणखी एक बाजू आहे. कळण्याची भाकरी, भरताची वांगी, डाळी आणि भाज्या हे धुळे परिसरातील शाकाहारी ताट अनेक दृष्टींनी उत्तम असले, तरी वनस्पतिजन्य अन्नात ब१२ जवळजवळ नसते. ते दूध-दह्यातूनच काय मिळेल ते; आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचेही प्रमाण घटते. शिवाय धान्यभाज्यांतील लोह मांसातील लोहापेक्षा कमी शोषले जाते.

या संदर्भात मुंबईतील एक जुने संशोधन स्मरणीय आहे. डॉ. ल्युसी विल्स यांनी १९२८ पासून तेथील गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलेट. आज आरोग्यकेंद्रात मिळणाऱ्या लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळीत तेच असते. परंतु ब१२ ची उणीव असता केवळ फॉलिक अॅसिड घेतल्यास रक्त सुधारते, आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते. हातापायांना येणाऱ्या मुंग्या रुग्ण थकव्यावर ढकलतो. तेव्हा एक गोळी दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

म्हणूनच रक्ततपासणीचे महत्त्व. सामान्यतः ती तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी करावयाची असते. तिच्यातील ‘नॉर्मल’ हा शब्दही जपून वाचावा लागतो. आहारातून कॅल्शियम अपुरे मिळाले, तर शरीर ते हाडांतून काढून रक्तातील पातळी राखते. अहवालात आकडा योग्य दिसतो आणि हाडे झिजत असतात. यास्तव ड जीवनसत्त्व व पॅराथायरॉइड संप्रेरक हेही तपासतात. लोहासाठी केवळ हिमोग्लोबिन पुरेसे नाही. साठा दर्शविणारे फेरिटिन पाहावे लागते, आणि शरीरात दाह असल्यास तेही फसवे वाढलेले असू शकते.

मात्रांतही असाच अर्थ दडलेला आहे. निरोगी माणसास ब१२ दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते. या रुग्णांसाठी मात्र अमेरिकेतील वैद्यकीय संघटनांच्या २०१९ च्या सूचनांत रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम सांगितले आहेत. हा अतिरेक नव्हे. आंतरघटकावाचून मोठ्या मात्रेतील सुमारे एक टक्काच भाग शोषला जातो, आणि तेवढा मिळावा म्हणून मात्रा मोठी. कॅल्शियम रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम, तेही विभागून. आणि लोहाच्या गोळीपासून किमान दोन तासांच्या अंतराने, कारण कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते. प्रत्येकाची मात्रा अर्थातच अहवाल पाहून वैद्याने ठरवावयाची.

मुंबई, पुणे वा नाशिक येथे शस्त्रक्रिया करून देवपुरास परतलेल्या व्यक्तीने पुढील प्रत्येक वैद्यास ती हकीकत प्रथम सांगावी, हे यातून ओघानेच येते. राहिला प्रश्न शब्दाचा. ‘पूरक’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. त्याचा जुना अर्थ तेवढा ध्यानात आणून द्यावा. प्राणायामात पूरक म्हणजे श्वास आत घेणे. तो श्वास कोणी काही दिवस घेऊन सोडून देत नाही.