बॅटरी नाही, तरी उत्तर देतो

खालापूरच्या टोलनाक्यावर गाडी जरा हळू होते, दांडा वर जातो आणि पैसे कापल्याचा मेसेज येतो. हे घडवणाऱ्या फास्टॅगमध्ये सेल नाही, गाडीच्या बॅटरीला जोडलेली वायरही नाही. मग तो नाक्याशी बोलतो कशाच्या जोरावर?

नवा टॅग चिकटवण्याआधी उजेडासमोर धरून पाहा. धातूची बारीक नागमोडी पट्टी दिसेल, ती अँटेना. मधला मोहरीएवढासुद्धा नसलेला ठिपका म्हणजे चिप. लेनवरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओलहरी सोडतो. अशा लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर. ती नीट पकडायला निम्म्या लांबीची तरी अँटेना हवी, आणि ती एवढ्याशा स्टिकरवर बसवायची म्हणून ही सगळी वळणं! तिच्यात उतरणारी वीज मायक्रोवॅटमध्ये मोजायची, पण चिपला जागं व्हायला तेवढी पुरते.

खरी गंमत पुढेच आहे. टॅग स्वतःची लहर पाठवतच नाही. उन्हात आरसा हलवून मुलं समोरच्या भिंतीवर कवडसा नाचवतात, तसा तो रीडरचीच लहर कधी जास्त, कधी कमी परतवतो. या चढउतारातून शून्य आणि एक उमटतात, त्यांतून टॅगचा क्रमांक. मला तर रीडरचंच जास्त कौतुक वाटतं: स्वतः मोठ्याने ओरडत असताना त्याच ओरडण्याचा अतिक्षीण पडसाद त्याला ऐकायचा असतो.

ही युक्ती हेरांनी फार आधी वापरली. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला लाकडात कोरलेलं राजचिन्ह भेट दिलं. आत लेव्ह थेरेमिनने बनवलेलं चोरून ऐकण्याचं बिनबॅटरीचं यंत्र होतं. बाहेरून रेडिओलहर सोडली की खोलीतलं बोलणं तिच्यावर स्वार होऊन परत यायचं. सापडलं ते थेट १९५२ मध्ये.

रांगेतले दोन टॅग एकदम उत्तर देऊ लागले तर? म्हणून प्रत्येक टॅग मनाला येईल तो आकडा उचलतो आणि त्या पाळीची वाट पाहतो. टक्कर झालीच, तर पुन्हा आकडा. या शिस्तीचं मूळ १९७१ च्या सुमारास हवाई बेटांवरचे संगणक रेडिओने जोडणाऱ्या 'अलोहा' जाळ्यात आहे.

मात्र काही गाड्यांच्या काचेत ऊन अडवणारा धातूचा पातळ थर असतो, आणि तो या लहरीही अडवतो. अशा काचेत बहुधा आरशामागे बिनथराची जागा सोडलेली असते. टॅग तिथेच लावावा.