कामगारवस्तीतून लोकसभेकडे : अहिल्या रांगणेकर

एखाद्या देशाच्या राजकारणात स्त्रियांचे स्थान काय आहे हे ठरविताना आपण प्रथम कायदेमंडळातील स्त्री-सदस्यांची संख्या पाहतो. ही पद्धत सोयीची असली, तरी अपुरी आहे. सभागृहात जागा मिळणे ही एक गोष्ट आणि जेथे निर्णय घेतले जातात तेथे स्थान मिळणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर समजण्यासाठी साम्यवादी चळवळीच्या दोन भिन्न क्षेत्रांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. पूर्व जर्मनीत हा पक्ष राज्यकर्ता होता. मुंबईत तो विरोधकाच्या भूमिकेत वाढला.

पूर्व जर्मनीचे राज्य १९४९ ते १९९० या काळात अस्तित्वात होते. तेथील लोकसभागृहात एकूण ५०० जागा असत आणि १९८० नंतरच्या वर्षांत त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जागांवर स्त्रिया होत्या. तथापि पक्ष व संघटना यांच्यात जागांची वाटणी आधीच झालेली असे. मतदारांपुढे एकच संयुक्त यादी येई आणि तिला संमती देणे एवढेच त्यांच्या हाती उरे. हिल्डे बेंजामिन १९५३ ते १९६७ या काळात न्यायमंत्री होत्या. मार्गोट होनेकर यांच्याकडे १९६३ पासून १९८९ पर्यंत शिक्षणखाते होते. परंतु खरी सत्ता पक्षाच्या पॉलिटब्यूरोत केंद्रित झाली होती आणि तेथे एकही स्त्री पूर्ण सदस्य होऊ शकली नाही. पक्षाच्या महिला विभागाच्या प्रमुख इंगे लांगे १९७३ ते १९८९ अशी सोळा वर्षे मताधिकार नसलेल्या सदस्यच राहिल्या.

मुंबईतील चित्र याच्या उलट होते. येथे जागा कोणी नेमून देत नसे. ती मतदारांकडून मिळवावी लागे. अहिल्या रांगणेकर यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. त्यांचा जन्म ८ जुलै १९२२ रोजी पुणे येथे झाला. साम्यवादी नेते बी. टी. रणदिवे हे त्यांचे थोरले बंधू. ‘छोडो भारत’ चळवळीत त्यांना येरवड्याच्या तुरुंगात जावे लागले. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकारी मुलींनी साड्यांच्या तुकड्यांचा तिरंगा तयार करून तो तुरुंगाच्या भिंतीवर फडकविला. १९४३ मध्ये त्या कम्युनिस्ट पक्षात आल्या आणि त्याच सुमारास परळच्या गिरणगावात महिला संघाच्या कार्यास त्यांनी प्रारंभ केला.

या कार्याचे मोल लवकरच द्यावे लागले. नाविकांच्या उठावाला पाठिंबा देण्यासाठी मुंबईतील कामगार रस्त्यावर उतरले असता २२ फेब्रुवारी १९४६ रोजी परळ भागात लष्कराने गोळीबार केला. महिला संघाच्या कमल दोंदे त्यात मृत्युमुखी पडल्या आणि कुसुम रणदिवे जखमी झाल्या. अहिल्याबाई त्या वेळी त्यांच्यासोबत होत्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर १९६१ मध्ये त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. नळाचे पाणी, शौचकूप, दवाखाने, शाळा हे महापालिकेचे विषय. चाळीतल्या बाईचा सारा दिवस ज्या गोष्टींभोवती फिरतो, त्याच या. म्हणूनच स्त्रियांच्या संघटनेचे काम आणि नगरसेविकेचे काम यांत येथे भिंत उरली नाही. १९७२ च्या सुमारास अन्नधान्य, तेल व रॉकेल यांच्या टंचाईने संसार चालविणे कठीण झाले, तेव्हा निरनिराळ्या पक्षांतील स्त्रियांनी एकत्र येऊन महागाईविरोधी आघाडी उभारली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा कार्यकर्त्या तीत होत्या. लाटणी हाती घेऊन निघालेले त्यांचे मोर्चे महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले आहेत.

आणीबाणीत अहिल्याबाईंना पुन्हा कारावास घडला. त्यानंतर मार्च १९७७ च्या निवडणुकीत मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेवर गेल्या. त्या लोकसभेत स्त्री-सदस्यांची संख्या अवघी १९ होती. इतकी अल्प संख्या लोकसभेच्या इतिहासात दुसऱ्या कोणत्याही वेळी आढळत नाही. १९८० मध्ये त्याच मतदारसंघातून निवडून आलेल्या प्रमिला दंडवते या त्यांच्या महागाईविरोधी लढ्यातील सहकारी होत्या. येथे प्रत्येक जागा स्वतंत्रपणे जिंकावी लागे आणि ती टिकेलच अशी खात्री नसे.

मग पक्षातील स्थानाचे काय? १९७८ मध्ये अहिल्याबाई पक्षाच्या केंद्रीय समितीवर आल्या. १९८३ ते १९८६ या काळात त्या महाराष्ट्र राज्य समितीच्या सचिव होत्या. पुरुषांच्या हाती असलेल्या संघटनेत हे पद लहान नव्हे. परंतु त्यांचे बंधू ज्या पॉलिटब्यूरोत होते, तेथे पहिली स्त्री येण्यास २००५ साल उजाडावे लागले. त्या स्त्री म्हणजे वृंदा कारत. तोवर अहिल्याबाईंच्या सार्वजनिक जीवनाला साठ वर्षे उलटली होती. १९ एप्रिल २००९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

तात्पर्य, बर्लिनमध्ये सभागृहाची दारे स्त्रियांसाठी उघडी होती, पण त्या सभागृहापाशी सत्ता नव्हती. मुंबईत सभागृहाचे दार ढकलून उघडावे लागले. पक्षाच्या अंतर्गृहाचा उंबरठा मात्र दोन्हीकडे सारखाच उंच होता. लोकसभा व विधानसभा यांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारी घटनादुरुस्ती भारतीय संसदेने २०२३ मध्ये संमत केली. ही संख्या आवश्यक आहे यात शंका नाही. पण त्या जागांवर बसणाऱ्या स्त्रियांची नावे कोण ठरविणार, आणि त्यांच्या पाठीशी परळच्या महिला संघासारखी स्वतःची संघटना असणार की नाही, या प्रश्नांची उत्तरे कायद्यात सापडणार नाहीत. ती प्रत्येक पक्षाला आणि स्त्रियांच्या चळवळीला स्वतःच द्यावी लागतील.